ठिणगीचा माग : दुचाकीच्या घरगुती दुरुस्तीची साठ वर्षे

बजाजला १९५९ मध्ये दुचाकी आणि तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना मिळाला, त्यानंतर इटलीच्या पियाज्जिओशी झालेल्या करारान्वये व्हेस्पा १५० भारतात तयार होऊ लागली, आणि १९७१ मध्ये तो करार संपल्यावर लगेच पुढच्या वर्षी चेतक बाजारात आली. कायनेटिक इंजिनिअरिंगची लूनाही १९७२ चीच. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत स्कूटरदुरुस्तीची जी हातोटी रुजली तिचा काळ येथून धरता येतो. स्कूटरसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबावे लागत असल्याने हाती आलेली गाडी पंधरा-वीस वर्षे पुरवणे भाग होते, आणि तिच्या नेहमीच्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी इग्निशनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला नेमक्या क्षणी ठिणगी पुरवणाऱ्या व्यवस्थेच्या, असत. या हातोटीबद्दल आज जे हळवेपणाने बोलले जाते त्यात तथ्य कमी आहे. ती टंचाईतून आणि सदोष यंत्रणेतून आलेली गरज होती. तिच्यातून घडलेली दोष शोधण्याची पद्धत मात्र खरोखर मोलाची होती.

त्या काळच्या स्कूटरमध्ये ठिणगी निर्माण करणारी यंत्रणा विद्युत-यांत्रिक होती. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलमधील चुंबकांमुळे आतल्या वेटोळ्यात वीज निर्माण होई, ‘पॉइंट’ नावाचे दोन छोटे धातूचे स्पर्शबिंदू ती वाहू देत, आणि कॅमच्या उंचवट्याने ते उघडताच प्रवाह एकदम तुटून इग्निशन कॉइलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात काही हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होई, जो जाड वायरीतून प्लगपर्यंत जाऊन तेथील फटीत ठिणगी पाडी. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणग्या उडून ते जळू नयेत यासाठी त्यांना जोडलेला कंडेन्सर हा या साखळीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होता.

पॉइंटची दुरुस्ती फ्लायव्हीलवरील खिडकीतून, ते हाताने हळूहळू फिरवत, करावी लागे. कॅमच्या उंचवट्यामुळे फट सर्वांत मोठी होते त्या जागी फ्लायव्हील थांबवायचे, स्क्रू किंचित सैल करायचा, ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यानची फट फिलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पोलादी पट्ट्यांच्या मापकाने, साधायची आणि स्क्रू घट्ट करताना ती हलली नाही ना हे पुन्हा पाहायचे. हे काम किचकट खरे, परंतु अवघड नव्हे. त्यातली खरी मेख अशी की फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगीची वेळही अलीकडे सरकते. त्यामुळे ‘जरा जास्त गॅप ठेवू’ म्हणणाऱ्याच्या पायाला किकचा उलटा झटका बसे आणि दोष किकला दिला जाई. पॉइंट पॉलिश पेपरने घासण्याची सवयही सार्वत्रिक होती, जरी कागदावरचे कण स्पर्शबिंदूंमध्ये अडकून वीजप्रवाह पुन्हा अडत असे. एका पॉइंटवर उंचवटा आणि समोरच्यावर खळगा दिसला तर संशय कंडेन्सरवर घ्यायला हवा, हे ज्यांना ठाऊक होते ते थोडे होते. बाकीचे दर महिन्याला घासतच राहत.

प्लगच्या बाबतीत घरगुती ज्ञान अधिक नेमके होते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. चेतकसाठी ते साधारण २ टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर पुरे असे, पण इंजिन जाम होईल या धास्तीने पंपावर ‘थोडे जास्तच टाका’ सांगितले जाई आणि त्या जादा तेलाची काजळी प्लगवर साचे. काढलेला प्लग हा निदानाचा पुरावा असे : तपकिरी असेल तर सारे ठीक, काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर, तेलकट असेल तर तेल जास्त, पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोहोचते आहे पण ठिणगी नाही, आणि अगदी कोरडा असेल तर इंधनच नाही. त्यानंतर प्लग पुन्हा टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या हेडला टेकवत कुणी तरी किक मारी आणि दुसरा सावलीत ठिणगीचा रंग पाही. निळी, कडक ठिणगी चांगली, पिवळसर, मलूल ठिणगी वाईट. सांडलेल्या पेट्रोलशेजारी केलेली ही चाचणी धोक्याची होती, याची जाणीव मात्र फारशी कोणाला नसे. प्लगची सुमारे ०.६ मिलिमीटरची फट मोजायला हॅक्सॉचे पाते वापरले जाई, आणि त्याची जाडी जवळपास तेवढीच असल्याने ही युक्ती शास्त्राला धरूनच होती.

स्कूटर एका बाजूला वाकडी करून सुरू करण्याचा प्रसिद्ध प्रकार या ज्ञानात बसत नाही. त्याने कार्बोरेटरमध्ये जादा पेट्रोल उतरे. प्लग कोरडा असेल तर ते उपयोगी, ओला असेल तर त्यामुळे तो अधिकच भिजे. म्हणजे निदान न करता दिलेले हे औषध निम्म्या वेळा रोग वाढवणारे होते.

मुंबईच्या कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारींत चार सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असे. पावसाळ्यात त्याच्या टोपीच्या आत ओल धरली की वीज भलतीकडे झिरपे आणि गाडी सकाळी सुरू होत नसे. टोपी उघडून कोरड्या फडक्याने पुसणे हा उपाय बहुधा पुरत असे.

दुचाकींचे चित्र पालटले ते सीडीआयमुळे. या पद्धतीत संधारित्रात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, काही शे व्होल्टांवर साठवलेली वीज इलेक्ट्रॉनिक कळीद्वारे कॉइलमध्ये सोडली जाते आणि क्षण ठरवण्याचे काम एक लहान संवेदक वेटोळे करते, त्यामुळे झिजणारे पॉइंट उरतच नाहीत. १९८० च्या दशकापासून ती भारतीय दुचाकींत पसरली आणि चेतकच्या उत्तरकालीन आवृत्त्यांतही आली. तक्रारी झपाट्याने घटल्या, पण राळेने बंद केलेल्या त्या डबीत पाहण्यासारखे काही नसल्याने निदान एवढेच उरले की दुसऱ्या चालू गाडीची डबी लावून पाहायची. उघडी वायर हवेत ठेवून किक मारण्याची जुनी सवयही येथे महागात पडू लागली, कारण ठिणगीला वाट न मिळालेल्या उच्च दाबाने कॉइल किंवा डबी निकामी होऊ शकते. २००३ मध्ये बजाजच्या पल्सरवर आलेल्या डीटीएस-आय रचनेत एकाच सिलिंडरला दोन प्लग आल्याने एक प्लग बंद पडला तरी गाडी चालत राही आणि दोष बराच काळ लक्षातच येत नसे.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणारी, संगणकनियंत्रित यंत्रणा आली. ठिणगी आणि इंधन दोन्ही आता एकाच नियंत्रक पेटीच्या ताब्यात असल्याने ‘पेट्रोल की करंट’ हा जुना प्रश्न मालकाला प्लग पाहून पूर्णपणे सोडवता येत नाही. बॅटरीचा दाब घसरला तर दोन्ही एकदम बिघडू शकतात. तरीही घरी तपासण्याजोगे बरेच उरले आहे : लाल किल-स्विच चुकून बंद आहे का, साइड स्टँडचा स्विच चिखलाने अडकला आहे का, फ्यूज जळला आहे का, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आहे का, आणि मल्टीमीटरवर पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीचे अपेक्षित १२.६ व्होल्ट दिसतात की नाही. काही उत्पादकांच्या गाड्यांत निदानाच्या जोडणीतील ठराविक दोन तारा जोडल्या की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लांब आणि आखूड उघडझाप करून दोषाचा क्रमांक सांगतो, आणि तो क्रमांक माहितीपुस्तिकेतील तक्त्याशी ताडून पाहणाऱ्याला कोणत्या संवेदकापासून सुरुवात करायची हे घरबसल्या समजते.