स्मार्ट बल्ब सर्व्हरशी बोलतो कसा? 'पाहो' नावाच्या फुकट लायब्ररीची गोष्ट

फेसबुकने २०११ मध्ये मेसेंजर ॲप आणलं, तेव्हा इंजिनिअर्ससमोर एक पेच होता. मेसेज चटकन पोहोचायला हवा, पण त्यासाठी फोन सतत सर्व्हरशी बोलत राहिला तर बॅटरी उतरणार. त्यांनी यावर जो तोडगा निवडला, तो मुळात चॅटिंगसाठी बनलाच नव्हता. तो बनला होता तेलाच्या पाइपलाइनसाठी. त्याचं नाव एमक्यूटीटी.

आज स्मार्ट बल्ब, सेन्सर, कारखान्यातली यंत्रं अशा असंख्य वस्तू याच पद्धतीने बोलतात. आणि त्यांना हे बोलणं शिकवणारा कोड अनेकदा कुणीतरी फुकट वाटलेला असतो.

एमक्यूटीटी म्हणजे नेमकं काय?

१९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी ही पद्धत तयार केली. पाइपलाइनवरच्या उपकरणांची माहिती उपग्रहामार्फत यायची आणि ती जोडणी महाग होती. म्हणून मेसेजभोवतीचं वेष्टन शक्य तितकं छोटं ठेवलं गेलं. प्रत्येक मेसेजला जोडावा लागणारा ठरावीक भाग कमीत कमी फक्त २ बाइटचा असतो.

यात उपकरणं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये 'ब्रोकर' नावाचा सर्व्हर असतो. सेन्सर 'घर/स्वयंपाकघर/तापमान' अशा एखाद्या विषयावर आकडा पाठवतो आणि त्या विषयाचे जे सदस्य असतील त्यांना ब्रोकर तो पोहोचवतो. थोडक्यात, व्हॉट्सॲप ग्रुपसारखं.

मग लायब्ररी कशाला लागते?

एमक्यूटीटी हे फक्त नियम आहेत. ते पाळणारा कोड प्रत्येक उपकरणात हवा. दर वेळी तो नव्याने लिहिण्यापेक्षा एकदा नीट लिहिलेला कोड सगळ्यांनी वापरायचा, त्याला म्हणतात क्लायंट लायब्ररी.

मेसेज पाठवणं हा यातला सोपा भाग आहे. कस लागतो तो नेटवर्क गेल्यावर.

समजा, मोटार सुरू करण्याचा मेसेज पाठवला आणि पोच यायच्या आत रेंज गेली. मेसेज पोहोचला की नाही? यासाठी तीन पातळ्या आहेत. पातळी ० मध्ये मेसेज एकदा पाठवून विषय संपतो. पातळी १ मध्ये पोच मिळेपर्यंत लायब्ररी मेसेज जपून ठेवते आणि पुन्हा जोडणी झाली की परत पाठवते, त्यामुळे तो दोनदा पोहोचू शकतो. पातळी २ मध्ये चार टप्प्यांची देवाणघेवाण होऊन तो एकदाच पोहोचतो.

'मोटार सुरू कर' दोनदा पोहोचलं तर बिघडत नाही. 'आणखी १० लिटर पाणी सोड' दोनदा पोहोचलं तर बिघडतं.

उपकरणच बंद पडलं तर? जोडणी करतानाच ते ब्रोकरकडे एक 'मृत्युपत्र' ठेवू शकतं. ६० सेकंदांची मुदत ठरलेली असेल आणि ९० सेकंद काहीच आवाज आला नाही, तर ब्रोकर जोडणी तुटली असं धरतो आणि तो मेसेज सदस्यांना पाठवून देतो. मुदतीच्या आत 'मी आहे' एवढं कळवत राहणं, हेही लायब्ररीचंच काम.

'पाहो' आलं कुठून?

आयबीएमने २०१० मध्ये एमक्यूटीटीचे नियम सर्वांसाठी मोफत खुले केले. पुढच्याच वर्षी कंपनीने आपला क्लायंट कोड इक्लिप्स फाउंडेशनला देण्याची घोषणा केली आणि त्यातून 'पाहो' प्रकल्प उभा राहिला. मराठीतल्या 'पाहा'शी या नावाचा संबंध नाही. हा न्यूझीलंडच्या माओरी भाषेतला शब्द आहे, अर्थ जाहीर करणं. आपल्याकडे दवंडी पिटायचे, तसंच.

सी आणि जावामधला सुरुवातीचा कोड आयबीएमचा होता. पायथनची लायब्ररी मात्र रॉजर लाइट यांच्या 'मॉस्किटो' या ब्रोकर प्रकल्पातून आली. पुढे जावास्क्रिप्ट, गो, रस्ट यांच्याही लायब्ररी आल्या. अगदी छोट्या चिपसाठी वेगळी आवृत्ती आहे, कारण तिथे मेमरी फार थोडी असते.

फुकट आहे, मग अडचण काय?

अडचण देखभालीची. पायथनच्या लायब्ररीची १.६.१ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. त्यानंतरची २.० यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. दोन वर्षांहून जास्त काळ नवी आवृत्तीच नव्हती.

आणि ती आली तेव्हा क्लायंट तयार करण्याची पद्धत बदलली होती. ज्यांनी आवृत्तीचा आकडा पक्का न करता 'सर्वात नवी घ्या' असं ठेवलं होतं, त्यांचे जुने प्रोग्राम सुरू होतानाच एरर देऊ लागले. बदल गरजेचा होता, कारण २०१९ मध्ये एमक्यूटीटी ५ आल्यावर जुनी रचना अपुरी पडत होती. पण एका छोट्या लायब्ररीवर किती जण विसंबून आहेत, हे त्या वेळी दिसलं.

वापरणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

लायब्ररीची आवृत्ती पक्की करून ठेवा आणि नवी घेण्याआधी काय बदललंय ते वाचा. एन्क्रिप्शन स्वतःहून सुरू करा, नाहीतर पासवर्डसुद्धा उघडाच जातो. आणि दोष सापडला तर तो प्रकल्पाला कळवा. कोड फुकट मिळत असला तरी तो दुरुस्त करायला कुणाला तरी आपला वेळ द्यावाच लागतो.