प्रेक्षकांना बघायचं असतं, म्हणून सगळं दाखवता येतं का?

१४ जून २०२० रोजी वांद्र्यातून अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूची बातमी आली. कोविडची साथ ऐन भरात असताना पुढचे कित्येक आठवडे वाहिन्यांवर हाच विषय चालला. त्या वार्तांकनाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या. ‘शाळा’ आणि ‘फँड्री’चे निर्माते नीलेश नवलखा हे एक याचिकाकर्ते होते. दुसरी याचिका महाराष्ट्र पोलीस दलातल्या निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांची होती. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. रिपब्लिक टीव्ही आणि टाइम्स नाऊ यांचं काही वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं होतं, असं त्यांनी नोंदवलं; कारवाई मात्र केली नाही.   तो निकाल समोर ठेवला की नेहमी ऐकू येणाऱ्या बऱ्याच समजुती टिकत नाहीत.

पहिली समजूत: ‘तेव्हा नियमच नव्हते.’

होते. भारतीय प्रेस कौन्सिलने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे २०१९मध्येच आत्महत्येच्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली होती. बातमी ठळक जागी देऊ नये, पुन्हा पुन्हा देऊ नये, पद्धतीचं वर्णन करू नये, जागेचा तपशील देऊ नये, सनसनाटी मथळे, छायाचित्रं आणि चित्रफिती वापरू नयेत, असं त्यांत स्पष्ट आहे. प्रेस कौन्सिलचा अधिकार छापील माध्यमांपुरता, ही वाहिन्यांसाठी पळवाट होती. दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्र नियम होईपर्यंत हीच तत्त्वं वाहिन्यांनाही लागू राहतील, असं सांगून न्यायालयाने ती बुजवली. आणि मृतदेहाची छायाचित्रं पसरवू नका, हा इशारा महाराष्ट्र सायबर विभागाने मृत्यूच्याच दिवशी दिला होता. अजाणतेपणाची सबब मला म्हणूनच पटत नाही.

‘बातमीने कुणाचं काय बिघडतं?’ असंही विचारलं जातं. अमेरिकेत २०१४च्या ऑगस्टमध्ये अभिनेता रॉबिन विल्यम्सने आत्महत्या केली. त्यानंतरच्या पाच महिन्यांत तिथे अपेक्षेपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त आत्महत्या झाल्याचं २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्याला वार्तांकन एकटंच कारणीभूत होतं, असं हा अभ्यास सिद्ध करत नाही. पण आधीच खचलेल्या माणसाच्या हातात आपली बातमी पडणार आहे, एवढं भान ठेवायला तो पुरेसा आहे. बातमीसोबत मदतीचा क्रमांक द्यायचा तो याचसाठी. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

‘नट म्हणजे सार्वजनिक माणूस, त्याचं खासगी काय?’ ही समजूत सगळ्यांत चिवट आहे, आणि इथे कायदाही सरळ नाही. खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये सुशांतच्याच वडिलांच्या दाव्यात म्हटलं. मात्र नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताची बदनामी केली, तर तोही अब्रुनुकसानीचा गुन्हा ठरू शकतो. मानसोपचार केंद्रात उपचार घेणाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करायला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २४नुसार बंदी आहे. पण कायद्याची फट सापडली म्हणून कुणाच्या औषधांची नावं पडद्यावर झळकवावीत का? माझं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं आहे. सिनेमा आपण तिकीट काढून पाहतो. त्या तिकिटात नटाचा आजार येत नाही.

‘माध्यमांमुळेच तपास पुढे सरकला,’ असं अजूनही अनेक जण मानतात. एम्सच्या वैद्यकीय मंडळाने ऑक्टोबर २०२०मध्ये खुनाची शक्यता फेटाळली. सीबीआयने मार्च २०२५मध्ये क्लोजर रिपोर्ट दाखल केला. दरम्यान, पडद्यावर आरोपीच काय, गुन्हेगारही ठरवून टाकलेली सुशांतची मैत्रीण रिया चक्रवर्ती अमली पदार्थांच्या प्रकरणात जवळपास महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात राहून आली होती. मेलेल्यापेक्षा जिवंत माणसांना या वार्तांकनाने जास्त पोळलं. मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांना केलेल्या मनाईची यादी पाहा: घटनास्थळाचा देखावा उभा करू नका, साक्षीदारांच्या जबाबांची चिरफाड करू नका, कथित कबुलीजबाब दाखवू नका, कुणाच्या चारित्र्यावर चिखलफेक करू नका. खटला उभा राहण्यापूर्वी, तपास चालू असतानाही असं वार्तांकन न्यायदानातला हस्तक्षेप ठरू शकतं, हेही तिथे नमूद आहे.

याचा अर्थ बातमी दडपा, असा मुळीच नाही. मृत्यू झाला, पोलीस काय म्हणतात, शवविच्छेदनाचा अधिकृत निष्कर्ष काय, हे सांगायलाच हवं. तपास यंत्रणेवर टीकाही करावी. अभ्यास न करता, अर्धवट माहितीवर करू नये, एवढंच निकालात म्हटलं आहे. सुशांतच्या नावावर खपवलेली बनावट ट्वीट दाखवल्याबद्दल ‘आज तक’ला वृत्तवाहिन्यांच्याच स्वनियमन संस्थेने एक लाख रुपये दंड केला. तिथे अडचण धाडसाची नव्हती, पडताळणीची होती.

ही अडचण अजून संपलेली नाही. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी अनेक माध्यमांनी अभिनेते धर्मेंद्र यांच्या निधनाची बातमी देऊन टाकली आणि वडील हयात असल्याचं ईशा देओलला जाहीरपणे सांगावं लागलं. धर्मेंद्र २४ नोव्हेंबरला गेले.