आल्ला पुगाचोवा यांची लोकप्रिय गीते

आल्ला बोरिसोव्ना पुगाचोवा (जन्म: १५ एप्रिल, इ.स. १९४९; मॉस्को) या सोव्हिएत संघातील व नंतरच्या रशियातील सर्वाधिक लोकप्रिय पॉप गायिका होत. इ.स. १९६५ पासून पुढील अर्ध्या शतकात त्यांनी शेकडो गीते गायिली. त्यांपैकी 'आर्लेकिनो', 'मिलियन आलिख रोज' (दहा लाख लाल गुलाब), 'माएस्त्रो', 'आइसबर्ग' (हिमनग) आणि 'पोझोवी मेन्या स सोबोय' (मला सोबत बोलाव) ही गीते रशियन भाषकांच्या एकाहून अधिक पिढ्यांना मुखोद्गत आहेत. इ.स. १९८५ मध्ये त्यांना रशियन प्रजासत्ताकाची आणि डिसेंबर १९९१ मध्ये, संघाच्या विघटनाच्या अगदी उंबरठ्यावर, सोव्हिएत संघाची 'लोककलावंत' ही पदवी मिळाली.

पार्श्वभूमी

रंगमंचावरील सुगम गायन, विनोदी प्रवेश, जादूचे प्रयोग इत्यादींना रशियात एकत्रितपणे 'एस्त्रादा' म्हणतात. सोव्हिएत काळात हा सगळा व्यवहार शासकीय होता. ध्वनिमुद्रिका 'मेलोदिया' ही एकच सरकारी कंपनी काढत असे. गीत आकाशवाणी वा दूरचित्रवाणीवर जाण्यापूर्वी त्याचे शब्द व चाल कलापरिषदेच्या संमतीतून जात. गायकाने ताठ उभे राहून, हातवारे आवरून गाणे हा शिष्टसंमत प्रकार मानला जाई. पुगाचोवा यांची गीते का गाजली हे समजण्यासाठी ही चौकट ध्यानात घ्यावी लागते, कारण त्यांचे बरेचसे यश ही चौकट न मोडता आतून वाकवण्यात आहे. त्यांचे शिक्षण मॉस्कोच्या इप्पोलितोव-इवानोव संगीत विद्यालयात वृंदगान-संचालन या विषयात झाले. पुढे नाट्यसंस्थेतून त्यांनी दिग्दर्शनाची पदवी घेतली. गीताला एकपात्री नाट्यप्रवेशाचे रूप देण्याची त्यांची पद्धत या शिक्षणाशी सुसंगत आहे.

आरंभीची गीते

पुगाचोवा यांचे पहिले ध्वनिमुद्रित गीत 'रोबोत' हे इ.स. १९६५ मध्ये आकाशवाणीच्या 'दोब्रोये उत्रो' (सुप्रभात) या कार्यक्रमातून प्रसारित झाले. संगीत लेवोन मेराबोव यांचे व शब्द मिखाईल तानिच यांचे होते. गायिका तेव्हा सोळा वर्षांची होती. तानिच यांनी स्तालिनच्या काळात सुमारे सहा वर्षे श्रमछावणीत काढली होती. हलक्याफुलक्या गीतांचे लेखक म्हणून ते पुढे नावारूपास आले. या गीतानंतर पुगाचोवा युवक आकाशवाणीच्या कलापथकाबरोबर पश्चिम सायबेरियातील तेलक्षेत्रात गायल्या. इ.स. १९७४ मध्ये एस्त्रादा कलावंतांच्या अखिल संघीय स्पर्धेत त्यांना तिसरे पारितोषिक मिळाले. मात्र नाव सर्वतोमुखी होण्यास आणखी एक वर्ष जावे लागले.

आर्लेकिनो

इ.स. १९७५ मध्ये बल्गेरियातील 'सोनेरी ऑर्फियस' महोत्सवासाठी पुगाचोवा यांची निवड झाली. स्पर्धकाने एक गीत बल्गेरियन संगीतकाराचे गावे, असा तेथील नियम होता. त्यासाठी एमिल दिमित्रोव यांचे 'आर्लेकिनो' निवडण्यात आले. बोरिस बारकास यांनी त्याला नवे रशियन शब्द दिले आणि 'वेस्योलिये रेब्याता' या वाद्यवृंदाचे प्रमुख पावेल स्लोबोदकिन यांनी वाद्यसंयोजन केले. सर्कशीतील विदूषकाच्या तोंडचे हे गीत आहे: प्रेक्षक हसतात ते त्याच्या कलेला नव्हे, तर त्याच्या फजितीला. पुगाचोवा यांनी त्यात विदूषकाचे हास्य स्वतःच्या कंठातून काढले, हात कळसूत्री बाहुलीप्रमाणे हलवले आणि चाल तोडूनतोडून गायिली. ताठ उभ्या गायकांची सवय असलेल्या श्रोत्यांना हा प्रकार अगदी नवा होता. महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळाले व गीत लगोलग ध्वनिमुद्रिकेवर आले.

यशाची दुसरी बाजू अशी की पुढील काही वर्षे श्रोते त्यांच्याकडून 'आर्लेकिनो'सारखेच काही तरी मागू लागले. विदूषकाच्या गीताने गायिकेला विदूषकाच्याच अडचणीत टाकले, असे म्हटल्यास फारसे चूक ठरणार नाही.

चित्रपटातील गीते आणि कवींचे शब्द

१ जानेवारी १९७६ रोजी एल्दार र्‍याझानोव दिग्दर्शित 'नियतीची थट्टा' हा दूरचित्रवाणीपट प्रथम प्रसारित झाला. नायिकेचे काम पोलिश अभिनेत्री बार्बरा ब्रिल्स्का यांनी केले, तिचे संवाद वालेन्तिना तालिझिना यांच्या आवाजात आहेत आणि तिची गीते पुगाचोवा यांनी गायिली आहेत. मिकाएल तारिवेर्दिएव यांनी स्वरबद्ध केलेल्या या गीतांसाठी मारिना त्स्वेतायेवा, बेल्ला अखमादूलिना व मिखाईल ल्वोव्स्की यांच्या रचना वापरल्या आहेत. गिटारच्या साथीवर, जवळजवळ कुजबुजत गायिलेली ही गीते 'आर्लेकिनो'च्या अगदी उलट टोकाची आहेत. दोन्ही आवाज एकाच गायिकेचे आहेत हे सहज लक्षात येत नाही.

त्यांतील 'म्ने न्रावित्सा' (मला आवडते) हे गीत त्स्वेतायेवा यांच्या इ.स. १९१५ मधील कवितेवर आधारलेले आहे. समोरच्याने आपल्यावर प्रेम केले नाही याबद्दल त्याचे आभार मानणारी ही कविता आहे. त्स्वेतायेवा यांनी दीर्घकाळ परदेशात काढला, मायदेशी परतल्यानंतर पती व कन्या यांना अटक झाल्याचे पाहिले आणि इ.स. १९४१ मध्ये आत्महत्या केली. स्तालिनच्या हयातीत त्यांचे लेखन जवळजवळ छापले जात नव्हते. त्यांचे काव्य घरोघरी पोहोचले ते नववर्षाच्या मेजवानीच्या टेबलाशेजारी चालू असलेल्या दूरचित्रवाणी संचातून. हा चित्रपट आजही नववर्षाच्या सुमारास दरवर्षी दाखवला जातो.

पुगाचोवा यांनी ओसिप मांदेलश्ताम यांची 'लेनिनग्राद' ही इ.स. १९३० मधील कविताही गायिली. हा कवी इ.स. १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मरण पावला होता. गायनात दोन फेरफार करण्यात आले. कवीने शहराला त्याच्या जुन्या, क्रांतिपूर्व नावाने साद घातली होती, तेथे सोव्हिएत नाव आले. आणि बोलणारा पुरुष न राहता स्त्री झाली. पहिला बदल कवितेच्या गाभ्याला धक्का देणारा आहे, कारण दोन नावांतील अंतर हाच तिचा विषय होय. तरीही बहुसंख्य श्रोत्यांनी मांदेलश्ताम यांचे शब्द प्रथम ऐकले ते याच बदललेल्या रूपात.

'झेन्शिना कोतोराया पोयोत' (गाणारी स्त्री, १९७८) या चित्रपटात पुगाचोवा यांनी नायिकेची भूमिकाही केली. त्यासाठी अलेक्सांद्र झात्सेपिन यांनी संगीत दिले होते. पण काही गीतांवर 'बोरिस गोर्बोनोस' असे अपरिचित नाव होते. अंथरुणाला खिळलेला एक तरुण, हौशी संगीतकार अशी त्याची ओळख करून देण्यात आली. प्रत्यक्षात ती गीते पुगाचोवा यांनीच स्वरबद्ध केली होती. गायिकेने स्वतः संगीतकार म्हणून पुढे येणे त्या काळी संशयाने पाहिले जाई, म्हणून हा बनाव रचला गेला. तो उघड झाल्यावर झात्सेपिन दुखावले. गोर्बोनोसच्या नावावरील गीतांत शेक्सपिअरच्या ९० व्या सुनीताच्या मार्शाककृत रशियन अनुवादाची स्वररचना आहे.

याच वर्षी पोलंडमधील सोपोत महोत्सवात 'व्स्यो मोगुत कोरोली' (राजांना सारे शक्य आहे) या गीताने पुगाचोवा यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. संगीत बोरिस रिच्कोव यांचे, शब्द लेओनिद देर्बेन्योव यांचे. राजाला सगळे करता येते, फक्त प्रेमविवाह करता येत नाही, अशी त्याची थट्टेखोर कथा आहे.

रायमोंड्स पाउल्स यांची गीते

इ.स. १९८० नंतरची काही वर्षे लाटव्हियन संगीतकार रायमोंड्स पाउल्स यांच्या सहकार्याची होत. इल्या रेझनिक यांचे शब्द असलेले 'माएस्त्रो' हे इ.स. १९८१ च्या नववर्षाच्या कार्यक्रमात सादर झाले. पियानोवर स्वतः पाउल्स होते. प्रेक्षागृहात बसून वादकावर मूकपणे प्रेम करणारी आणि पुढे त्याच्या बरोबरीने रंगमंचावर उभी राहणारी स्त्री हा गीताचा विषय असल्याने दोघांच्या खऱ्या नात्याविषयी तर्कवितर्क झाले. 'स्तारिन्निये चासी' (जुने घड्याळ) हेही याच त्रयीचे गीत.

मिलियन आलिख रोज

पुगाचोवा यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत मुळात रशियन नाही. पाउल्स यांची ही चाल इ.स. १९८१ मध्ये लाटव्हियन भाषेत, लेओन्स ब्रिएदिस यांच्या शब्दांसह, आया कुकुले व लीगा क्रेइत्स्बेर्गा यांनी प्रथम गायिली. त्या गीतात मारा ही देवी मुलीला आयुष्य देते, पण सुख द्यायचे विसरते. परकीय सत्तेखालील लाटव्हियाच्या नशिबाचा हा दाखला आहे, असा अर्थ तेथील श्रोते लावतात.

रशियन शब्द लिहिताना कवी आंद्रेय वोझ्नेसेन्स्की यांनी ही कथा पूर्णपणे बाजूला ठेवली आणि जॉर्जियन चित्रकार निको पिरोस्मानी (१८६२–१९१८) यांची आख्यायिका घेतली. फ्रेंच अभिनेत्री मार्गारिता हिच्या प्रेमात पडलेल्या या गरीब चित्रकाराने सर्वस्व विकून तिच्या खिडकीसमोरचा रस्ता फुलांनी भरून टाकला, असे सांगितले जाते. लेखक कोन्स्तान्तिन पाउस्तोव्स्की यांच्या गद्यातून ही कथा रशियन वाचकांना परिचित होती. पिरोस्मानी यांनी रंगवलेले मार्गारिताचे चित्र अस्तित्वात आहे. फुलांच्या कथेला मात्र आख्यायिकेपलीकडे भक्कम आधार नाही. चित्रकार तिफ्लिसमध्ये (आताचे त्बिलिसी) दारिद्र्यात मरण पावला आणि त्याची कबर कोठे आहे हेही निश्चित माहीत नाही.

पुगाचोवा यांना हे गीत सुरुवातीला आवडले नव्हते. चाल फार साधी आणि पुनरावृत्तीची आहे, हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु नेमक्या त्याच गुणामुळे ते कोणालाही एका ऐकण्यात गुणगुणता येते. इ.स. १९८३ च्या नववर्षाच्या कार्यक्रमात, मॉस्कोच्या सर्कशीत, झोक्यावर उंच चढवलेल्या अवस्थेत त्यांनी ते सादर केले. त्यानंतर ते संघभर पसरले.

सीमेबाहेर या चालीचे आयुष्य स्वतंत्र आहे. जपानमध्ये कातो तोकिको यांनी स्वतः केलेल्या जपानी शब्दांत ते गायिले व ते तेथे अत्यंत लोकप्रिय झाले. त्यात चित्रकाराची कथा कायम आहे. कोरियात शिम सू-बोंग यांनी मात्र तिसरेच शब्द योजले: दूरच्या ताऱ्यावरून आलेल्या जिवाने निरपेक्ष प्रेमाने दहा लाख गुलाब फुलवले तरच त्याला परत जाता येईल. एकाच चालीवर आई-देवी, चित्रकार आणि ताऱ्यावरचा प्रवासी अशा तीन कथा बसल्या, आणि प्रत्येक देशातील श्रोते आपलीच कथा मूळची समजतात. पाउल्स पुढे स्वतंत्र लाटव्हियाचे सांस्कृतिक मंत्री झाले.

इगोर निकोलाएव यांची गीते

सखालिन बेटावरून मॉस्कोत आलेले तरुण संगीतकार इगोर निकोलाएव यांनी पुगाचोवा यांना 'आइसबर्ग' हे गीत दिले. शब्द लिदिया कोझलोवा यांचे. त्या 'रोबोत'चे गीतकार तानिच यांच्या पत्नी. थंड, विद्युत वाद्यांचा वापर केलेल्या या गीताने पियानोवरील गीतांचा काळ मागे पडला. निकोलाय झिनोव्येव यांचे शब्द असलेले 'पारोम्शिक' (नावाडी) हेही निकोलाएव यांचेच. नदीच्या दोन्ही तीरांना जोडणारा नावाडी स्वतः मात्र कोणत्याच तीरावर राहत नाही, ही त्यातील कल्पना.

३० मे १९८६ रोजी चेर्नोबिल दुर्घटनाग्रस्तांसाठी मॉस्कोत झालेल्या 'खाते क्र. ९०४' या निधिसंकलन मैफलीत पुगाचोवा गायल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुर्घटनास्थळाजवळ सफाईच्या कामावर असलेल्या कामगारांसमोरही त्यांनी कार्यक्रम केला.

विघटनानंतर

इ.स. १९९७ मध्ये डब्लिन येथील युरोव्हिजन स्पर्धेत त्या स्वतःच लिहिलेले व स्वरबद्ध केलेले 'प्रिमादोना' हे गीत घेऊन उतरल्या. त्यांना ३३ गुणांसह १५ वे स्थान मिळाले. मायदेशातील कीर्तीच्या मानाने हा निकाल निराशाजनक ठरला. वयोवृद्ध होत चाललेल्या गायिकेचे नाट्यमय आत्मकथन परक्या प्रेक्षकांना संदर्भाविना कळणे कठीणच होते.

त्याच सुमारास लोकप्रिय झालेले 'पोझोवी मेन्या स सोबोय' हे गीत तत्याना स्नेझिना या तरुण कवयित्री-गायिकेचे आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. हयातीत त्यांना मोठे व्यासपीठ मिळाले नव्हते. पुगाचोवा यांनी गायिल्यानंतर त्यांची इतर गीतेही अनेक गायकांनी गाण्यास घेतली.

इ.स. २०१० मध्ये पुगाचोवा यांनी नियमित दौरे थांबवले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांचे पती, विनोदी कलावंत माक्सिम गाल्किन यांना युक्रेनमधील युद्धाला विरोध केल्यानंतर रशियन शासनाने 'परदेशी हस्तक' घोषित केले. तेव्हा आपलेही नाव त्या यादीत घालावे, अशी मागणी पुगाचोवा यांनी जाहीरपणे केली. त्यानंतर त्या रशियाबाहेर राहतात.