एक कोटीचा युवराज

डिसेंबर महिना उजाडला की सोलापूरच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याचे ढीग लागतात, आणि गेल्या काही वर्षांत हिवाळ्याच्या त्याच सुमारास आणखी एका मालाचा लिलाव देशभर मोठ्या उत्सुकतेने पाहिला जातो. तो माल म्हणजे क्रिकेटपटू. 2018 च्या डिसेंबरात हे दोन्ही लिलाव एकाच वेळी मंदीत आले होते. कांद्याचा भाव इतका कोसळला की क्विंटलमागे 200 रुपयांचे अनुदान सरकारला त्याच महिन्यात जाहीर करावे लागले. आणि 18 डिसेंबरला जयपूरला भरलेल्या आय.पी.एल.च्या लिलावात युवराजसिंगचे नाव पुकारले गेले तेव्हा एकाही संघमालकाचा हात वर गेला नाही. त्याने स्वतःची किमान किंमत एक कोटी रुपये ठेवली होती. पुढे उरलेल्या खेळाडूंची नावे पुन्हा घेण्यात आली आणि त्या फेरीत मुंबई इंडियन्सने त्याला तेवढ्याच किमतीला, म्हणजे दुसऱ्या कोणाची बोली नसताना, उचलले. वय सदतीस.

ज्या शेतकऱ्याने गाडीभाडे भरून माल आवारात आणलेला असतो त्याला तो परत नेणे परवडत नाही, म्हणून शेवटी मिळेल त्या भावाला तो गोणी सोडतो. खेळाडूची अवस्था त्याहून फार निराळी नसते. बॅट पुढच्या वर्षासाठी कोठारात ठेवता येते, पण ती फिरविणारे मनगट ठेवता येत नाही.

युवराज कोण हे सांगण्याची गरज नाही. 19 सप्टेंबर 2007 रोजी दरबान येथे स्टुअर्ट ब्रॉडच्या एका षटकात त्याने मारलेले सहा षटकार, 2011 च्या विश्वचषकातील त्याच्या 362 धावा आणि 15 बळी, त्यानंतर कर्करोगाशी दिलेली झुंज, आणि उपचार घेऊन 2012 च्या सप्टेंबरातच मैदानावर झालेले पुनरागमन हे सारे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पण बाजाराची स्मरणशक्ती निराळ्या प्रकारची असते. 2014 साली बंगळूरने त्याला 14 कोटी दिले, 2015 साली दिल्लीने 16 कोटी. तोपर्यंतच्या लिलावांतला तो उच्चांक होता. 2016 साली हैदराबादने सात कोटी दिले, 2018 साली पंजाबने दोन, आणि आता मुंबईने एक. पंजाबकडून आठ सामन्यांत त्याच्या धावा अवघ्या 65 झाल्या होत्या, आणि त्याही चेंडूमागे एक धाव न पडण्याच्या गतीने. ज्याची ख्याती फटकेबाज म्हणून, त्याच्या बाबतीत हा आकडा जीवघेणाच म्हटला पाहिजे.

सोलापुरात या एक कोटीची चर्चा मुंबईइतकीच रंगली, याचे नवल वाटू नये. पुण्याचा पहिला संघ 2013 साली मोडला, दुसरा 2016 आणि 2017 असे दोनच हंगाम टिकला. तेव्हा येथील रसिकांची निष्ठा पुन्हा मुंबईकडे वळली. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून वानखेडे मैदानावरचा सामना पाहून येणारे हौशी लोक या गावात आहेत. शिवाय क्रिकेटबाबत सोलापूरकरांचा स्वतःचा असा एक अधिकारही आहे: पॉली उम्रीगर यांचा जन्म 1926 साली याच गावचा, आणि कसोटीत द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय. पार्क मैदानाच्या आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर उम्रीगरांपासून युवराजपर्यंत कोणाचीही गय केली जात नाही.

तेथला वाद साधारणपणे असा चाले. एका पक्षाचे म्हणणे, एक कोटीत युवराज म्हणजे फुकटच. चाललाच तर सोने, नाही चालला तर मालकाचे काय जाते? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, मेलेल्या घोड्याला सोन्याची झूल घातली म्हणून तो धावत नाही. त्या जागी विशीतले एखादे पोर खेळवा. तिसरा पक्ष युवराजवर मनापासून प्रेम करणाऱ्यांचा. त्यांना हा सौदाच अपमानास्पद वाटत होता. सोळा कोटींच्या माणसाने एका कोटीवर उभे राहण्यापेक्षा घरी बसावे, असे ते म्हणत, आणि म्हणता म्हणता पहिल्या सामन्याची वाट पाहत.

यांपैकी पहिल्या पक्षाचा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे. लिलावातील किंमत आणि त्या हंगामातील धावा यांचा भागाकार केला, तर 2015 साली दिल्लीला युवराजची एक धाव सुमारे साडेसहा लाखांना पडली. त्या वर्षी त्याने 248 धावा काढल्या. 2014 साली बंगळूरला 376 धावा मिळाल्या, म्हणजे धावेला पावणेचार लाखांच्या जवळपास. पंजाबची एक धाव तीन लाखांहून थोडी अधिक. आणि मुंबईची? 2019 च्या हंगामात त्याच्या एकूण धावा झाल्या 98, म्हणजे धावेला एक लाखाच्या किंचित वर. या मोजमापाने पाहिले तर युवराजच्या आय.पी.एल. कारकिर्दीतल्या या चार सौद्यांपैकी सर्वांत स्वस्त धावा मुंबईने घेतल्या, आणि अपयशाचा शिक्का मात्र याच सौद्यावर बसला.

यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. अमेरिकेतील तेलकंपनीच्या तीन अभियंत्यांनी 1971 साली दाखवून दिले होते, की समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावात जो जिंकतो तो बहुधा तोट्यात जातो. कारण जिंकतो तोच, ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो. अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. दिल्लीला 16 कोटींत हा शाप बाधला. मुंबईला तो बाधण्याचा संभवच नव्हता, कारण तिच्या विरुद्ध बोली लावणारा कोणी नव्हता. संघबांधणीसाठी तेव्हा प्रत्येक मालकाला 82 कोटींची मर्यादा होती; त्यातला एक कोटी हा ऐंशीवा हिस्साही नव्हे. त्याच लिलावात मुंबईने बरिंदर सरन या वेगवान गोलंदाजासाठी 3 कोटी 40 लाख मोजले होते. त्यावर टपरीवर कोणी आवाज चढविल्याचे ऐकिवात नाही.

म्हातारा फटकेबाज गर्दी खेचतो म्हणून तो घ्यावा, असाही एक युक्तिवाद होता. तो जुना आहे. बेसबॉल या अमेरिकन खेळातला सर्वश्रेष्ठ फटकेबाज बेब रूथ याला 1935 साली बोस्टनच्या एका गळाठलेल्या संघाने चाळिसाव्या वर्षी घेतले ते तिकिटे खपावीत म्हणूनच. 25 मे रोजी पिट्सबर्गला त्याने एकाच सामन्यात तीन वेळा चेंडू मैदानाबाहेर धाडला. आणि त्यानंतर आठवड्याभरात त्याचा खेळ कायमचा थांबला. पण रूथच्या काळी मालकाचे उत्पन्न मुख्यतः दरवाजावरच्या तिकिटांचे होते. जेराल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञाने 1974 साली बेसबॉलपटूंच्या वेतनाचा जो प्रसिद्ध हिशेब मांडला, त्याचाही आधार हाच, की खेळाडूमुळे संघ किती जिंकतो आणि त्या विजयांमुळे मालकाच्या गल्ल्यात किती पडते. आय.पी.एल.मध्ये हे सूत्र बरेचसे सैल होते. 2018 ते 2022 या पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क 16,347 कोटी 50 लाखांना आधीच विकले गेले होते, आणि त्यातला संघांचा वाटा सर्वांना मिळणार होता. युवराजला पाहण्यासाठी सोलापुरात आणखी हजार घरांत दूरचित्रवाणी लागली म्हणून मुंबईच्या मालकाला त्या हंगामात त्यातून वेगळे असे फारसे काही मिळणार नव्हते. तेव्हा गर्दीचा मुद्दा बाद.

मग खरी किंमत कशाची? ती अकरांतल्या जागेची. पैसा तेव्हा 82 कोटी होता, पण मैदानावरच्या जागा अकरा, आणि चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या फलंदाजाच्या वाट्याला येणारे चेंडू तर पंधरा-वीस. युवराज त्या जागी उभा राहिला तर तेथे ईशान किशन उभा राहू शकत नाही. 2018 साली 6 कोटी 20 लाखांना घेतलेला हा वीस वर्षांचा यष्टिरक्षक फलंदाज बाहेर बसणे, ही युवराजची मुंबईने मोजलेली दुसरी किंमत होती, आणि ती कोणत्याही हातोड्याखाली ठरलेली नव्हती. टपरीवरचा दुसरा पक्ष अर्थशास्त्र न शिकता नेमके हेच सांगत होता.

हा वाद इतका हिरिरीने का झाला, याचे उत्तर मात्र क्रिकेटमध्ये सापडत नाही. तो करणारे लोक कोण होते ते पाहावे लागते. शिक्षक आणि कारकून यांचे वेतन वयाबरोबर वाढते. दर वर्षी वेतनवाढ मिळते, नोकरीच्या शेवटच्या वर्षी पगार सर्वाधिक असतो, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ घेऊन माणूस सन्मानाने घरी जातो. लिलावाचा नियम याच्या अगदी उलट. तेथे अनुभव वाढतो तसा भाव उतरतो, आणि ज्येष्ठता हा शब्दच नाही. पन्नाशीतल्या शिक्षकाला सोळा कोटींवरून एका कोटीवर आलेला माणूस पाहून जे वाटले, ते केवळ खेळाविषयीचे वाटणे नव्हते. त्याच टपरीवर मानधनावर राबणारा शिक्षणसेवक आणि तासिकेवर शिकविणारा तरुण प्राध्यापकही उभा असतो. ज्येष्ठांची जागा रिकामी होण्यावर त्याचे सारे भवितव्य लटकलेले. त्याने ईशान किशनची बाजू घेतली तर त्याला कृतघ्न म्हणता येणार नाही. आणि ज्या गावात 1877 साली जुनी गिरणी उभी राहिली, ज्या गावात बदली कामगार भोंगा होण्याआधी फाटकाशी येऊन कोणाचा खाडा पडतो का याची वाट पाहत, त्या गावाला राखीव खेळाडूचे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

प्रत्यक्षात घडले ते थोडक्यात असे. 24 मार्च 2019 रोजी वानखेडेवर दिल्लीविरुद्ध युवराजने 35 चेंडूंत 53 धावा काढल्या, संघातर्फे सर्वाधिक. सामना मुंबईने 37 धावांनी गमावला. चार दिवसांनी बंगळूरला 12 चेंडूंत 23. त्यानंतर मोहालीला, जेथे तो लहानाचा मोठा झाला त्या मैदानावर, 18. आणि चेन्नईविरुद्ध वानखेडेवर 4. पाचव्या सामन्यात त्याच्या जागी ईशान किशन आला, आणि उरलेला हंगाम युवराजने कडेला बसून काढला. ईशान किशननेही त्या वर्षी एकही मोठी खेळी केली नाही, हे तिसऱ्या पक्षाने अनेकदा ऐकविले. पण पुढच्याच वर्षी, 2020 च्या हंगामात, त्याने 516 धावा काढल्या आणि मुंबईच्या फलंदाजांत तो सर्वांच्या पुढे राहिला. युवराजला घेणे बरोबर होते, त्याला चार सामने देणे बरोबर होते आणि पाचव्या सामन्यात त्याला वगळणे हेही बरोबरच होते. तीनही गोष्टी एकाच वेळी मान्य करणे टपरीवर जमत नाही. तेथे माणसाला कोणत्या तरी एका बाकावर बसावे लागते.

अर्थात जुन्या खेळाडूवरचा प्रत्येक डाव असाच संपतो असे नाही. 2023 च्या हंगामासाठी चेन्नईने अजिंक्य रहाणेला किमान किमतीला, अवघ्या 50 लाखांना, घेतले तेव्हाही हेच हसू ऐकू आले होते. 8 एप्रिल 2023 रोजी त्याने वानखेडेवर, आणि तेही मुंबईविरुद्धच, 27 चेंडूंत 61 धावा काढल्या. हंगामात 326 धावा केल्या, तेही शंभर चेंडूंना 172 च्या गतीने, आणि चेन्नईने विजेतेपद मिळविले. त्याच हंगामात बंगळूरने मराठी समालोचन करीत असलेल्या केदार जाधवला भर मोसमात एक कोटीला बोलावून घेतले. जाधवांचे मूळ गाव माढा तालुक्यातले. साहजिकच सोलापुरात दोन दिवस दुसरे बोलणे नव्हते. पण त्या सौद्यातून बंगळूरच्या पदरात फारसे काही पडले नाही.

मुंबईने 12 मे 2019 रोजी हैदराबादला चेन्नईवर एका धावेने मात करून चषक जिंकला. युवराज अकरांत नव्हता. 10 जूनला त्याने मुंबईत निवृत्ती जाहीर केली.

पार्क मैदानापाशी आजही हा विषय निघाला की कोणी एक कोटी काढत नाही, 98 धावाही काढत नाही. 28 मार्चचे बंगळूरचे चौदावे षटक तेवढे काढले जाते. चहल गोलंदाज, पहिल्या तीन चेंडूंवर तीन षटकार. क्षणभर दरबानची ती रात्र पुन्हा उगवते की काय असे वाटले होते. चौथा चेंडूही युवराजने तसाच उचलला, आणि तो सीमेलगत उभ्या असलेल्या सिराजच्या हातात विसावला. मुंबईने तो सामना सहा धावांनी जिंकला. चौथा चेंडू एकेरी धावेसाठी खेळायला हवा होता असे काहींचे मत आहे. इतरांना ते ऐकूनही घ्यायचे नसते.