कोयत्यासोबत गोळ्यांची पिशवीही बांधा

अशोक विजयादशमी होते, दीक्षाभूमीवर गेलेली माणसे परततात आणि चाळीसगाव, पारोळा, साक्रीकडच्या वस्त्यांतून ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. भांडी, पीठ, अंथरूण, लेकरे सगळे एकाच गाडीत. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी गुजरातेत बारडोलीकडे. पुढचे पाच-सहा महिने घर म्हणजे कोपी. फड संपला की तीही उचलायची. या सामानात एक वस्तू नेहमी मागे राहते, ती म्हणजे शुगरची आणि बी.पी.ची गोळी.

गावाहून आणलेल्या गोळ्या महिन्यात संपतात. दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. मग गोळी बंद. काही दुखत नाही, म्हणून बरे झाल्यासारखे वाटते. पण हे आजार गुपचूप काम करतात. लकवा येतो, किडनी खराब होते, नजर जाते. मग उचल फिटण्याआधीच दवाखान्याचे कर्ज उभे राहते.

निघण्याआधी

आरोग्य केंद्रात जाऊन शुगर-बी.पी. तपासा. आपण किती महिने बाहेर जाणार हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. गोळीचे नाव आणि ती कधी घ्यायची हे कागदावर लिहून घ्या. त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तोच दाखवायचा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत.

कोपीवर आणि फडात

पहाटे अंधारात कोयता हातात घेण्याआधी भाकरी खा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेऊन उपाशी राबलात, तर शुगर एकदम खाली येते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा प्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी कायम असू द्या.

कोपीत फ्रिज नसतो. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून छोट्या मडक्यात ठेवा आणि मडके सावलीत ओल्या वाळूत ठेवा. वाळू रोज भिजवा. बाटली उघडल्यावर साधारण २८ दिवसांनी टाकून द्या. जादा बाटल्या आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये ठेवता येतील का, ते विचारा.

उसाची खुंटे पायाला लागतात. शुगरवाल्याच्या पायाला ते कळतही नाही. अनवाणी फडात उतरू नका. रोज रात्री बत्तीच्या उजेडात तळवे पाहा. जखम काळी पडली, वास आला, तर हळद लावून वाट पाहू नका. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा छातीत दुखू लागले, तर त्याच घडीला दवाखाना गाठा.

मुकादमाशी आधीच बोला

उचल घेतानाच टोळीने मिळून ठरवा: महिन्यातून एक दिवस दवाखान्याचा, त्याचा खाडा नाही. एकट्याने मागितले तर नाही म्हणतील, टोळीने मागितले तर ऐकावे लागेल. त्या दिवशी सगळे आजारी एकत्र जा.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ मध्ये त्यांच्याशी लग्न झालेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्या त्यांचे औषधपाणी पाहत. शरीर थकलेले असतानाही १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. रोज गोळी घेणे हा कमीपणा नाही. आपल्या घरातही कोणीतरी माईसाहेबांसारखे रोज रात्री विचारू द्या, "आज गोळी घेतली का?"

जयभीम.