टर्बोची गाडी – भाग ६ : जादा मीटर बसवायचे कुठे?

मागच्या भागात मीटर निवडले : बूस्ट, हवा-इंधन प्रमाण, ऑईल प्रेशर आणि ऑईलचं तापमान. आता जागा. उदाहरण म्हणून १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये आलेली माझदा मियाटा घेऊ. टर्बो बसवणाऱ्यांची ही लाडकी गाडी, आणि जादा मीटरची तिला खरी गरजही आहे. १९९५च्या मॉडेलपासून तिच्या मूळ ऑईल प्रेशर मीटरमागे साधा स्विच आहे. थोडंसं प्रेशर असलं की काटा मध्यावर, नसलं की तळाला. प्रेशर हळूहळू घसरत असेल, तर तो काहीच सांगत नाही.

जागा शोधण्याआधी प्रत्येक मीटरबद्दल एकच प्रश्न विचारायचा : याचा काटा हलला, तर ॲक्सिलरेटरवरून पाय किती वेळात उचलायला हवा? बूस्टमध्ये इंधन कमी पडलं, तर पिस्टन काही सेकंदांत जाऊ शकतो. लांब वळणावर ऑईल प्रेशर पडलं, तर बेअरिंगचंही तेच. ऑईलचं तापमान मात्र मिनिटामिनिटानं चढतं. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदात २८ मीटर पुढे जाते. म्हणून घाईचे मीटर नजरेच्या रेषेत, निवांत मीटर खाली किंवा बाजूला.

ए-पिलर रस्त्यावरच्या नजरेला सर्वांत जवळचा. पण मोठा पॉड वळणाचा आतला भाग झाकतो. छताला कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत तर या खांबाला हातच लावू नये. एअरबॅग फुगताना त्याचं आवरण मोकळं राहायला हवं.

स्टिअरिंग कॉलमवर एक मीटर छान बसतो. फक्त स्पीडोमीटर आणि इशाऱ्याचे दिवे त्यामागे लपता कामा नयेत.

मियाटाची खास सोय म्हणजे डॅशबोर्डवरचे गोल एअर व्हेंट. योग्य कडं वापरलं, तर ५२ मिलिमीटरचा मीटर तिथे चपखल बसतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या व्हेंटमध्ये ऑईल प्रेशर, मधल्या व्हेंटमध्ये तापमान. मागची वाहिनी मात्र बंद करायची, नाहीतर हीटरची गरम हवा थेट मीटरवर येते.

डॅशबोर्डच्या माथ्यावर ऊन पडतं आणि रात्री काचेत प्रतिबिंब दिसतं. १९९४पासून शेजारच्या सीटसमोर एअरबॅगही आहे. त्याच्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही.

पुढे कधी इंधनाच्या प्रेशरचा मीटर लावलात, तर पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही, म्हणजे नाही. अमेरिकी ड्रॅग गाड्यांत असा यांत्रिक मीटर समोरच्या काचेबाहेर लावतात, तो याचसाठी. आपण इलेक्ट्रिक सेन्सर वापरू. मग आत फक्त वायर येते.

रेसिंगवाल्यांची एक युक्ती जरूर उचला. मीटर असे फिरवून बसवा, की सगळं ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर राहील. मग आकडे वाचावे लागत नाहीत. एखादा काटा कलला, की नजर आपोआप तिकडे जाते.

भोक पाडण्याआधी पुठ्ठ्याच्या ५२ मिलिमीटरच्या चकत्या टेपनं लावा. सीटबेल्ट बांधून बसा, स्टिअरिंग पूर्ण फिरवा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा पाहा. मान हलवावी लागली, तर जागा बदला. पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत. डॅशबोर्डला पाडलेलं भोक मात्र बुजत नाही.

पुढच्या भागात : वायरिंग, फ्यूज आणि फायरवॉलमधून सुरक्षित वाट.