डॉक्टर रस्त्यावर उतरतात तेव्हा

लंडनमध्ये ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर दिवसाला हजारो फोन येतात. रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षात हवाई पथकाचा एक पॅरामेडिक बसलेला असतो. त्या हजारोंमधून जीव धोक्यात असलेले मोजके जखमी हुडकून काढणं हे त्याचं काम. कुणी गच्चीवरून पडलेला असतो, कुणाला सुरा लागलेला, कुणी सायकलसकट ट्रकखाली आलेला. शंका वाटली तर तो फोन करणाऱ्याशी स्वतः बोलतो : शुद्ध आहे का, श्वास कसा चाललाय, रक्त किती गेलंय? हा माणूस स्वतः त्याच पथकातून अशा घटनांवर गेलेला असतो, म्हणून घाबरलेल्या माणसाच्या तुटक बोलण्यातूनही जखमेचा अंदाज त्याला बांधता येतो. दिवसाला सरासरी पाच रुग्णांपर्यंत हे पथक पोचतं.

हे पथक 'लंडन्स एअर अँब्युलन्स' या धर्मादाय संस्थेचं. ती १९८९ मध्ये सुरू झाली. तिचं हेलिकॉप्टर पूर्व लंडनमधल्या रॉयल लंडन हॉस्पिटलच्या छतावरून उडतं. त्यात दोन वैमानिक, एक डॉक्टर आणि एक पॅरामेडिक असतात. शहराच्या कुठल्याही टोकाला साधारण पंधरा मिनिटांत पोचायचं आणि मैदानात, बागेत, वेळ पडली तर चौकातच उतरायचं. रात्री हेच पथक मोटारीनं जातं. त्यामुळे कामात फरक पडत नाही, कारण हेलिकॉप्टरचा मुख्य उपयोग डॉक्टरांना जखमीपर्यंत नेण्याचा आहे. जखमीला उचलून नेणं हा त्याचा दुय्यम उपयोग. बहुतेक रुग्ण पुढे साध्या रुग्णवाहिकेतूनच रुग्णालयात जातात, फक्त डॉक्टर त्यांच्यासोबत असतात.

मग रस्त्यावर नेमकं काय होतं?

सगळ्यात जास्त तयारी लागते ती भूल द्यायला. डोक्याला जबर मार लागलेला माणूस हातपाय झाडतो, त्याची जीभ मागे पडते, तोंडात रक्त साचतं. मेंदूला आधीच इजा झालेली असते. त्यात प्राणवायू कमी पडला की दुसरी इजा होते, आणि ही दुसरी टाळता येण्याजोगी असते. म्हणून त्याला तिथेच पूर्ण भूल देऊन, स्नायू शिथिल करून श्वासनलिकेत नळी घालतात. शस्त्रक्रियागृहात हे रोज घडतं, पण फुटपाथवर प्रकाश, जागा, शांतता यातलं काहीच हाताशी नसतं. म्हणून पथक आधी या गोष्टी जमवतं. रुग्णाला चारी बाजूंनी पोचता येईल अशा जागी स्ट्रेचरवर आणतात. साहित्य ठरलेल्या क्रमानं मांडतात. मग एक जण यादी मोठ्यानं वाचतो आणि दुसरा प्रत्येक वस्तूला हात लावून उत्तर देतो. नळी गेली नाही तर काय, तेही जमलं नाही तर गळ्यावर छेद कुठे घ्यायचा, हे औषध टोचण्याआधीच ठरलेलं असतं. रक्त बरंच गेलं असेल तर औषधाची मात्रा कमी करतात, कारण भुलेनं रक्तदाब कोसळू शकतो. मला या पथकाची ही शिस्त त्याच्या हेलिकॉप्टरपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

बरगड्या मोडून छातीत हवा कोंडली असेल तर कुशीवर छोटा छेद घेऊन बोटानं वाट मोकळी करतात. मोडलेल्या कंबरेच्या हाडांना पट्टा आवळतात.

रक्तस्रावात पूर्वी सलाइन देत. त्यानं रक्तदाब थोडा वेळ वर येई, पण रक्त पातळ होई, अंग गार पडे आणि गुठळी धरेनाशी होई. २०१२ पासून हे पथक रक्तच सोबत नेतं, थंड पेटीतून. चढवताना ते कोमट करतात. साठवलेल्या रक्तातल्या सायट्रेटमुळे शरीरातलं कॅल्शियम बांधलं जातं आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही, म्हणून तेही टोचतात. जोडीला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, जे धरलेली गुठळी विरघळू देत नाही. ते इजेनंतर तीन तासांच्या आत द्यावं लागतं. पोटातला रक्तस्राव मात्र रस्त्यावर थांबवता येत नाही. त्याला सर्जनच हवा. तिथे पथक कमीत कमी करतं आणि निघतं. कुठे थांबायचं आणि कुठे पळायचं, यात या डॉक्टरांचा खरा कस लागतो.

एक प्रसंग मात्र असा असतो, की निघायलाही वेळ नसतो. सुरा हृदयात घुसतो, हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचतं, त्या दाबानं हृदय भरू शकत नाही आणि बंद पडतं. बाहेरून छाती दाबून उपयोग होत नाही. नाडी जाऊन साधारण दहा मिनिटांहून जास्त झालेली नसतील, तर डॉक्टर तिथेच या काखेपासून त्या काखेपर्यंत छाती उघडतात, आवरण कापून गुठळी काढतात आणि छिद्रावर बोट ठेवतात. हृदय सुरू झालं तर कापलेल्या रक्तवाहिन्या वाहू लागतात आणि रुग्ण शुद्धीवरही येऊ शकतो, म्हणून भुलेची तयारी हवी. हे करणारे बहुधा हृदयशल्यविशारद नसतात. आपत्कालीन किंवा भूलशास्त्राचे डॉक्टर हे एकच काम पुन्हा पुन्हा सराव करून शिकतात. या पथकानं अशा प्रकारे वाचवलेला पहिला रुग्ण १९९३ मधला. २०११ मध्ये त्यांनी ७१ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात १३ जण वाचले होते. छाती उघडली नसती तर त्यातला जवळपास कुणीच वाचला नसता.

दहा मिनिटांची ही मर्यादा पाहिली की एक गोष्ट लक्षात येते : पथक कितीही वेगवान असलं तरी जखमीजवळ पहिला पोचतो तो वाटसरूच. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि तिच्यात डॉक्टर असतात. ती येईपर्यंतची मिनिटं आपल्या हातात असतात. १०८ ला फोन करा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून जोरानं दाबा आणि हात उचलू नका. रुतलेली वस्तू उपटू नका, पाणी पाजू नका. पोलिसी लचांडाची भीती वाटत असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४ अ सद्भावनेनं मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, हे लक्षात ठेवा आणि थांबा.